काळा कोट कसा रंगवायचा: हार्लेमच्या हाल्सपासून आमच्या जिन्यातल्या वकील काकांपर्यंत

आमच्या खालच्या मजल्यावरचे वकील काका शिवाजीनगर कोर्टातून परत आले की जिन्यात दोन मिनिटं टेकतात. अंगात काळा कोट, गळ्यात ते पांढरे बँड, आणि जिन्याच्या खिडकीतला उजेड बरोब्बर एका गालावर. दोन वर्षं मी हे बघत होतो आणि डोक्यात काही शिरलं नव्हतं, मग एका रात्री फोनवर सतराव्या शतकातला डच चित्रकार फ्रान्स हाल्स याची चित्रं झूम करत पडलो होतो आणि एकदम ट्यूब पेटली, अरे हे तर आपले काकाच! काळे कपडे, पांढरी कॉलर, एका बाजूने उजेड. गंमत म्हणजे वकिलांचे ते बँड खरोखरच त्या काळातल्या कॉलरचे वंशज आहेत, म्हणजे सतराव्या शतकातला पोशाख पुण्यात रोज सकाळी इस्त्री करून स्कूटरवर बसतो आणि आपण मॉडेल मिळत नाही म्हणून रडतो.

तर हे लिहितोय ते ज्यांनी ऑइल कलरमध्ये थोडा हात साफ केलाय आणि ज्यांना डच पद्धतीचं व्यक्तिचित्र करून बघायचंय त्यांच्यासाठी. मी काही आर्ट स्कूलवाला नाही, नोकरी करून रविवारी रंगवतो, त्यामुळे चुका भरपूर केल्यात आणि त्या सगळ्या खाली येतीलच.

आता डच शिकायचं तर मी अमेरिकन लोकांच्या वाटेने जायला सांगणार आहे, आणि त्याला कारण आहे. हाल्सने मागे काही म्हणजे काहीच ठेवलं नाही, ना वही, ना स्केच, खात्रीने त्याचं म्हणता येईल असं एक ड्रॉइंगसुद्धा नाही. म्हातारपणी त्याच्या हार्लेम शहराने (हे नेदरलँड्समधलं, न्यूयॉर्कचं नव्हे) त्याला वर्षाला २०० गिल्डर, म्हणजे तिथलं जुनं चलन, पेन्शन दिलं, १६६६ मध्ये तो गेला, आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षं लोक त्याला ढिसाळ हाताचा, घाईघाईने उरकणारा समजत होते. १८६२ मध्ये हार्लेमच्या टाउन हॉलमध्ये त्याची मोठाली ग्रुप पोर्ट्रेट्स लोकांना बघायला खुली झाली, १८६८ मध्ये थोरे नावाच्या फ्रेंच समीक्षकाने त्याच्यावर भरभरून लिहिलं, आणि मग चित्रकारांची रीघ लागली. त्यात अमेरिकन पोरं पुढे होती. मेरी कसाटने १८७३ मध्ये तिथे बसून हाल्सची कॉपी केली. व्यक्तिचित्रांसाठी गाजलेला जॉन सिंगर सार्जंट १८८० मध्ये गेला, त्यानेही कॉप्या केल्या आणि पुढे शिकायला येणाऱ्यांना तो सांगायचा की सुरुवात हाल्सपासून करा. तिकडे म्युनिकमध्ये शिकणारे फ्रँक डुव्हेनेक आणि विल्यम मेरिट चेस हे दोघं पेन्सिलीने आधी रेखाटायचं सोडून थेट ब्रशनेच चेहरा उभा करायला लागले. डुव्हेनेकचा १८७२ चा शीळ घालणारा पोरगा बघा, सिनसिनाटीच्या म्युझियममध्ये आहे, मळक्या कपड्यातलं रस्त्यावरचं पोर, आणि रंग असा लावलाय की आत्ता पुसला तर बोटाला लागेल.

म्हणजे आपल्याला जो प्रश्न पडतो, की हे च्यायला केलं कसं असेल, तोच प्रश्न घेऊन ही मंडळी त्या चित्रांपुढे उभी राहिली होती आणि उत्तरं हाताने शोधून काढली. ती शिकवलीसुद्धा. चेस १९०३ मध्ये अख्खा समर क्लास घेऊन हार्लेमला गेला, १९०७ मध्ये रॉबर्ट हेन्राय आपले विद्यार्थी घेऊन गेला (स्पेलिंग बघून लोक हेन्री म्हणतात, तो स्वतः हेन्राय म्हणायला लावायचा). चेसनेच काढलेल्या न्यूयॉर्कच्या शाळेत हेन्राय शिकवायचा, दोघांचं फाटलं, आणि त्याच १९०७ मध्ये चेस स्वतःच ती शाळा सोडून बाहेर पडला. पुण्यातली मंडळं बघितलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की हेन्राय हार्लेममध्ये गेला आणि त्याने झालरीची कॉलर घातलेला कुणी खोटा डच सरदार नाही रंगवला, त्याने तिथली गल्लीतली पोरं बसवली. त्याचं हसणारं मूल, १९०७ चं, आता व्हिटनी म्युझियममध्ये आहे, लालबुंद गाल आणि चारदोन फटकाऱ्यात दात. हाल्सचा ब्रश घेतला, हाल्सचे कपडे नाही घेतले. म्हणून कृपा करून मावसभावाला कागदाची झालर घालून बसवू नका. मी एकदा बसवलाय, तो फोटो अजून फॅमिली ग्रुपवर फिरतो.

पहिलं काम रंगाचं नाहीच, बघायचं आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर मोठ्या साइजच्या इमेज फुकट डाउनलोड होतात. हाल्सचा तो हातात ग्लास घेतलेला आनंदी दारुड्या उतरवून घ्या, साधारण १६२८ ते १६३० मधला. त्याचा उजवा हात बघा, पंजा आपल्याकडे करून काहीतरी सांगतोय. आता झूम करत जा. एका पॉइंटला बोटं संपतात आणि फक्त रंगाचे पट्टे उरतात, तिरके, तुटक, काही तर बोटाच्या दिशेने पण नाहीत. मग हळूहळू झूम आउट करा आणि कुठल्या क्षणाला परत हात दिसायला लागतो ते पकडा. हे मी एका रविवारी तासभर करत होतो, बायकोला वाटलं फोन हँग झालाय. पण तो एक तास दहा व्हिडिओंना भारी आहे, कारण तेव्हा कळतं की त्याने बोट रंगवलेलंच नाहीये, बोटावर पडलेला उजेड रंगवलाय आणि बोट आपलं आपण तयार होतं. वहीत लिहून ठेवा किती फटकारे मोजले. मी अंगठ्याला सात मोजले, दुसऱ्यांदा मोजले तेव्हा नऊ आले, असो.

प्रत्यक्ष मोठं ऑइल बघायचं तर बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व आहेत. डच नाहीत, पण पंधरा फुटांवरून आणि मग तीन फुटांवरून बघायची सवय लावायला उत्तम, आणि नाटकाच्या इंटरव्हलमध्ये वडा खायच्या ऐवजी हे केलं तर तब्येतीलाही बरं.

आता जागा. पेठेत जुन्या वाड्यात राहणाऱ्यांची चंगळ आहे, एकच खिडकी, जाड भिंत, बाकी खोलीत अंधार, म्हणजे हाल्सच्याच काळातला दुसरा डच चित्रकार रेम्ब्रांट, त्याचा स्टुडिओ तयारच. फ्लॅटवाल्यांनी एक सोडून सगळे पडदे बंद करायचे, ट्यूबलाइट बंद, एलईडी बंद, देवघरातलं लुकलुकणारं पण बंद. उत्तरेची खिडकी मिळाली तर सोन्याहून पिवळं, उजेड दिवसभर फारसा हलत नाही. माणसाला खिडकीपासून चारेक फुटांवर, जरा तिरकं बसवा. खिडकी त्याच्या डोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर खालचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून टाका. लांबच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा छोटा त्रिकोण दिसला की थांबा, लग्नाचे फोटोग्राफर ज्याला रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात ते हेच. सावलीकडची बाजू फारच काळी पडत असेल तर थर्माकोलचा तुकडा लांबून धरा, जवळ नको, जवळ धरला की चेहरा पासपोर्ट फोटो होतो. मागे कुठलाही राखाडी, तपकिरी पडदा. फुलाफुलांची चादर असेल तर उलटी टांगा.

रंग फार घेऊ नका हे सगळेच सांगतात पण ऐकत कुणी नाही. अप्पा बळवंत चौकात गेलो की मी पण चोवीस ट्यूबांच्या डब्याकडे बघत उभा राहायचो. लागतात फक्त टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, वर्मिलियन, क्रिमझन लेक (गडद लाल), बर्न्ट अंबर (तपकिरी माती) आणि आयव्हरी ब्लॅक. त्या काळातले डच लोक साधारण ह्याच कुळातले रंग वापरायचे, त्यांचा पांढरा शिशाचा होता, आपल्याला त्या विषाची गरज नाही. ऑकर म्हणजे पिवळी माती, वर्मिलियन म्हणजे आपला हिंगूळ, आणि आयव्हरी ब्लॅक म्हणजे जाळलेली हाडं, ऐकायला जरा कसंतरी वाटतं पण त्याचंच काम सगळ्यात जास्त आहे. निळा नाही घ्यायचा. हो, नाहीच घ्यायचा. काळा आणि पांढरा मिसळून जो राखाडी होतो तो त्वचेच्या उबदार रंगाशेजारी ठेवला की निळा दिसतो, दाढीच्या खुंटांना, कपाळाच्या कडेला, डोळ्याखाली बरोब्बर चालतो. काळ्यात ऑकर घातला तर चक्क शेवाळी हिरवा मिळतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. म्युनिकवाल्यांच्या नादाने डांबरासारखा बिट्यूमेनचा ब्राउन मात्र चुकूनही आणू नका, दिसतो गोड आणि नंतर काळा पडून तडकतो, त्या पिढीची कित्येक चित्रं त्यानेच खाल्ली. ब्रश हॉग हेअरचे म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, चपटे, आठ आणि बारा नंबर, एक बारीक शेवटासाठी. मऊ पंख्यासारखा ब्लेंडिंगचा ब्रश घरात असेल तर तो आईकडे लपवायला द्या.

कॅनव्हासचा पांढरेपणा आधी घालवायचा. अंबर आणि थोडा ऑकर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने चोळा, चहा सांडल्यासारखा रंग यायला हवा, चहा म्हणजे अमृततुल्य, ग्रीन टी नव्हे. एकदोन दिवसांत वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात काही वाळत नाही, टॉवेल वाळत नाही तिथे तेल कसलं वाळतंय, तेव्हा पावसाळ्यात हा पहिला थर ॲक्रिलिकने मारला तरी चालतो. ॲक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर ॲक्रिलिक कधीच नाही. आणि खिडकी उघडी ठेवा हो, मी एकदा एसी लावून बंद खोलीत टर्पेंटाइन वापरलं आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टी डोकं धरून घालवली.

बसवायच्या दिवशी वकील काका म्हणाले, "किती वेळ लागेल? दोन ते चार मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही." सकाळी नऊ ते साडेअकरा ठरलं, मधे काकूंचा चहा. एवढा वेळ पुरतो, पुरायलाच हवा. चेस विद्यार्थ्यांसमोर एका बैठकीत पोर्ट्रेट करून दाखवायचा. ओल्या रंगात ओला रंग, हाच सगळा खेळ आहे, वाळायला वेळ दिलात की तुम्ही विचार करायला लागता आणि विचार करायला लागलात की नाकपुड्या रंगवायला लागता.

सार्जंटची एक सवय उचला. तो ईझल, म्हणजे कॅनव्हासचा स्टँड, माणसाच्या शेजारीच ठेवायचा आणि मागे जाऊन बघायचा, पुढे येऊन एक फटकारा, परत मागे. म्हणजे माणूस आणि चित्र दोन्ही एकाच अंतरावरून, एकाच उजेडात. आमच्या हॉलमध्ये सात पावलांवर दिवाण लागतो, त्यावर मी दोनदा बसलो, न ठरवता. पण करा, कारण जवळ उभं राहून तुम्ही पापण्या रंगवता आणि लांबून चेहरा रंगवता.

पेन्सिल नको. आठ नंबर ब्रश, पातळ अंबर, आणि डोळे इतके बारीक करायचे की काका म्हणजे फक्त दोन तुकडे दिसतील, उजेडाचा एक आणि अंधाराचा एक. अंधाराचा तुकडा भरून टाका, केस, डोळ्यांचे खड्डे, नाकाखालची सावली, हनुवटीखालून थेट कोटापर्यंत, सलग, मधे कुठे न थांबता. डोळा वेगळा, नाक वेगळं काढायला गेलात तर संपलं. वीस मिनिटांत हे होतं, आणि त्या वीस मिनिटांतच कळतं की माणूस सापडलाय की नाही. नाही सापडला तर फडक्याने पुसा. मी काकांना तीनदा पुसलं, ते म्हणाले अशील पण एवढे कुणी पुसत नाही.

मग मधला टोन. गालाचा, कपाळाचा जो ना उजेड ना सावली असा भाग आहे तो पॅलेटवर मिसळून घ्या, ऑकर, पांढरा, जरासा हिंगूळ, आणि त्यात ब्रशच्या टोकावर येईल इतकाच काळा. कॅनव्हासवर मिसळू नका, पॅलेटवरच रंग ठरवा, ब्रश भरून घ्या, लावा, सोडा. एक फटकारा, एक रंग, आणि त्याच्याकडे परत वळून बघायचं नाही. माझा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच व्हायचा, दोन फटकाऱ्यांमधली कडा दिसली की हात शिवशिवायचा आणि मी ती मऊ ब्रशने घोटून टाकायचो, शेवटी चेहरा तुपात तळून पाकात टाकल्यासारखा व्हायचा. हाल्सच्या गालावर त्या कडा तशाच आहेत. साडेतीनशे-चारशे वर्षं कुणी घोटायला गेलं नाही.

आता कोट, ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

पहिल्या वेळी मी ट्यूबमधून सरळ काळा काढला आणि कोटभर फासला. काकू चहा घेऊन आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, यांना डांबरात बुडवलंय का?" बरोबरच होतं, कोट दिसतच नव्हता, एक भोक दिसत होतं आणि त्यातून काकांचं मुंडकं वर आलेलं. व्हॅन गॉगने १८८५ मध्ये भावाला पत्रात लिहिलं होतं की फ्रान्स हाल्सकडे सत्तावीस काळे आहेत. सत्तावीस आपल्याच्याने होणार नाहीत, चार करा. एक, काळा आणि अंबर, हा उबदार, सावलीत, काखेत, कोटाच्या आत. दोन, काळा आणि क्रिमझन, जिथे कापड जुनं होऊन तांबूस झालंय तिथे, आणि काकांच्या कोटाच्या कोपरांना तर तो नैसर्गिकच आहे, एकोणीस वर्षं जुना कोट. तीन, काळा आणि पांढरा, हा थंड, खिडकीकडच्या खांद्यावर, बाहीच्या वरच्या घडीवर, जिथे आकाशाचा उजेड पडतो. चार, काळा आणि ऑकर, मधल्या भागात, पडदा आणि कोट जिथे एकमेकांत मिसळतात तिथे. नुसता ट्यूबमधला काळा फक्त तीनचार ठिकाणी, कॉलरच्या खाली, बटणाच्या मागे, शेवटी. बारा नंबरचा ब्रश घ्या आणि खांद्यापासून कोपरापर्यंत एका दमात या, कापड जसं लोंबतं त्या दिशेने. घड्या मोजू नका. काकांच्या डाव्या बाहीला मी सहा फटकारे दिले आणि सातवा द्यायला हात उचलला तेव्हा कसा कुणास ठाऊक थांबलो, ती बाही त्या चित्रातली एकच जागा आहे जी मला आजही आवडते.

एक तांत्रिक गोष्ट, आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो, म्हणून तो खालच्या थरात जाड लावून वर पटकन वाळणारा रंग चढवलात तर पुढे तडे जाणार. तळाला पातळ अंबर, वर काळा, हाच क्रम.

पांढरे बँड सगळ्यात शेवटी, आणि ते पांढऱ्याने नाही करायचे. आधी राखाडी, त्यातच थोडा ऑकर, आणि मग खिडकीकडच्या कडेवर जाड टायटॅनियमचा एकच फटका, ब्रश न दाबता, लोणी फासल्यासारखा. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पण एकेक ठिपका. १६६४ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, हाल्सने हार्लेमच्या वृद्धाश्रमाच्या चालक बायकांचं चित्र केलं, त्यातल्या कॉलरी आणि हात बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. त्या काळ्या कपड्यांत हातच बोलतात.

ज्यांना ही घाई मानवत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, टॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकाराची. तो हाल्सच्या नाही, रेम्ब्रांटच्या अंगाने जातो, थरावर थर, अंधारातून वर काढलेलं कपाळ. त्याचं १८७५ चं डॉक्टर ग्रॉसचं ऑपरेशन थिएटरचं चित्र, आठ फूट उंच, त्यात पण डॉक्टर काळ्या कोटातच आहे आणि हाताला रक्त. लोक रेम्ब्रांटच्या १६३२ च्या, डॉक्टर टुल्प शवविच्छेदन करून दाखवतोय त्या चित्राशी त्याची तुलना करतात. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात कलाविभागाने ते घेतलं नाही, शेवटी लष्करी हॉस्पिटलच्या मांडणीत लावावं लागलं. छान वाट आहे पण महिने लागतात, आणि काका महिनाभर बसणार नाहीत.

परदेशी लोकांची नक्कल करतोय असं कुणी नाक मुरडलं तर त्याला सांगा की रेम्ब्रांटने स्वतः १६५६ च्या पुढेमागे आपल्याकडच्या मुघल चित्रांवरून ड्रॉइंग्ज केली होती, वीसेक आजही शिल्लक आहेत, त्यात शहाजहान पण आहे. देवाणघेवाण जुनी आहे.

थांबायचं कधी, तर मी मोबाइलला साडेअकराचा अलार्म लावतो आणि वाजला की ब्रश टर्पेंटाइनमध्ये. डोळ्यातली चमक राहिली असेल तर राहू दे. फडकी गोळा करून कोपऱ्यात कोंबू नका, तेलाची फडकी आपोआप पेटू शकतात, मोकळी वाळवा मग टाका. चित्र भिंतीकडे तोंड करून कपाटावर ठेवा, धूळ बसत नाही, आणि व्हार्निश किमान सहा महिन्यांनी.

काकांनी चित्र जवळून बघितलं, चष्मा काढून बघितलं, मग दारापर्यंत मागे गेले आणि तिथून बघितलं. "कोट बरा आलाय, इस्त्री कुणाची?" एवढंच म्हणाले. पण काकूंनी पुढचा रविवार स्वतःसाठी पक्का केलाय आणि बजावलंय की त्यांची ती गडद हिरवी इरकलच नेसून बसणार. हिरव्याची ट्यूब आणायची का असं विचारत होत्या, मी म्हटलं काही नको काकू, काळा आणि ऑकर आहे घरात.